फोन वाजला म्हणजे पोर जमिनीवर

"फोन लाव."

घरात रडारड चाललेली असायची, उदबत्तीचा धूर कोंडलेला, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. हा दारात चपला काढायचा, खांद्यावरचं ओलं गोणपाट बाहेरच टाकायचा आणि आत यायचा. नमस्कार नाही, सांत्वन नाही. मयताजवळ उकिडवा बसून आपलं कोपर त्याच्या कपाळाला लावायचा. मग मान वर करून विचारायचा, "पोर कुटं हाय?"

कोणी म्हणायचं दुबई, कोणी लंडन, कोणी अमेरिका.

"फोन लाव."

फोन वाजला, तर पोर अजून जमिनीवर आहे, निघालेलं नाही. बंद लागला, तर ते विमानात बसलं, वरती आहे. मधल्या कुठल्या विमानतळावर उतरलं की फोन परत लागतो, पुढच्या विमानात चढलं की परत बंद. एवढ्यावरून तो ठरवायचा की बर्फाच्या लाद्या किती लावायच्या आणि पुन्हा कधी आणायच्या.

तुम्ही भाईंदर-मीरा रोडच्या बिल्डिंगांत राहत असाल तर असा माणूस पाहिला असेल. आता काचेच्या पेट्या आल्यात, वायर लावली की आत थंड होतं. पण त्या पेट्या आमच्या जुन्या बिल्डिंगांच्या जिन्यात वळत नाहीत. तिथे हाच लागायचा. मूळ धंदा त्याचा होड्यांना बर्फ द्यायचा, उत्तनच्या पुढे पालीला. उरलेला बर्फ टेम्पोत भुशाखाली घालून तो भाईंदर पूर्वेला आणायचा, मासळीवाल्या बायकांना आणि केबिन रोडच्या रसाच्या गाड्यांना. मयताचं काम कोणी बोलावलं तर. पण बोलावणं यायचंच. ज्या घरात पोर परदेशात, त्या घरात कधीतरी यायचंच.

आम्ही त्याला बर्फवालाच म्हणायचो. नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. त्याच्या पोराच्या कागदांचं अजून मिटलेलं नाही. कशाला उगाच.

कोपर का लावायचा, ते मी त्याला विचारलं होतं. त्याने हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरी, सुजलेली, पाण्यात पडून राहिलेल्या लाकडासारखी.

"बोटं मेलीत माजी," तो म्हणाला. "यांना थंड-गरम कळत न्हाय. कोपर जिता हाय अजून."

चहाचा उकळता ग्लास तो तळहातावर धरून बसायचा. आमच्या कोपऱ्यावरचा टपरीवाला त्याला मुद्दाम काठोकाठ भरून द्यायचा आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा, सर्कस असल्यासारखं. हा चहा पीत राहायचा. एकदा मात्र त्याने तोच हात टपरीवाल्याच्या मानेवर ठेवला, मागून, सावकाश. टपरीवाला किंचाळला. मग सर्कस बंद झाली.

माझ्या बायकोचं आणि त्याचं कायम वाजायचं. ती लालबागची, चाळीतली. मासळी घेताना आवाज चढवणारी. बाजारात कोळणीसमोर उभी राहून विचारायची, हा बर्फ कोणी दिला? त्याचा आहे म्हटलं की टोपलीतला मासा खाली. म्हणायची, जो टेम्पो मयताच्या दारात उभा राहतो त्याच टेम्पोतला बर्फ माझ्या पापलेटावर नको. तो तिथेच कुठेतरी लादी फोडत असायचा. शपथ घ्यायचा, "वहिनी, मयताचा येगळा आनि मासळीचा येगळा." ती म्हणायची, पाणी एकच ना? तो म्हणायचा, मग वहिनी, तुम्ही पण पिऊ नका. कारखान्याच्या नळाला तेच येतंय.

वर्षानुवर्षं हेच भांडण. ती हसत नसे, तोही नाही. पण ती चार दिवस बाजारात दिसली नाही की तो मला विचारायचा, "मिस्त्री, वहिनीला बरं न्हाय काय?" मी स्टीलच्या कारखान्यात भांडी घडवली जन्मभर, म्हणून मिस्त्री.

लांबच्या गावांची त्याची मोजदाद त्याचीच होती. दुबई-मस्कत म्हणजे एकदा बर्फ लावला की झालं. लंडनला दुसऱ्यांदा यावं लागतं. अमेरिका, कॅनडा म्हणजे तिसऱ्यांदा, आणि भुसा जास्त. मैल-किलोमीटर त्याला माहीत नव्हते. नकाशा त्याने बहुतेक पाहिलाच नसेल. कोणीतरी शिकलेला भाचा-पुतण्या फोन पुढे करायचा, हे बघा, नेटवर लिहिलंय, सोळा तासांची फ्लाइट आहे.

हा म्हणायचा, "सोळा तासांत इमान येतंय. मानूस न्हाय येत."

आणि लाद्या लावायला घ्यायचा. घरचे पुढे आपोआप समजायचे. रजा मागायची असते, तिकीट मिळायचं असतं, मधल्या गावी पुढच्या विमानासाठी बाकावर बसायचं असतं. सहार विमानतळावर उतरल्यावर बॅगेसाठी उभं राहायचं असतं आणि त्यानंतर दहिसरचा टोलनाका असतो. तिथे बारा हजार किलोमीटर उडून आलेली पोरं रडत रिक्षा-टेम्पोंच्या मागे अडकतात.

त्याचंही चुकायचं. एक चूक त्याला फार लागली होती.

केबिन रोडच्या मागच्या बाजूला एका बिल्डिंगमध्ये एक म्हातारे गेले. मुलगा अमेरिकेत. बातमी कळवली, मुलगा म्हणाला निघतो. याने कोपर लावलं, विचारलं, फोन लावायला सांगितला. बंद. हा घरच्यांना म्हणाला, पोर वरती आहे. बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी फोन, बंद. बर्फ बदलला. मधल्या गावी उतरेल म्हणून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही बंद. म्हातारी दारात बसून होती, जिन्यात पावलं वाजली की उठायची. शेवटी शेजाऱ्यांनी उचललं. पोर विमानात बसलंच नव्हतं. त्याने फोन नुसता बंद करून ठेवला होता.

हे त्याने मला खाडीच्या पुलाकडे टेम्पो उभा करून सांगितलं.

"मी त्याला वरती धरला," तो म्हणाला. "तो खालीच होता."

त्यानंतर फोन बंद लागला तरी तो लगेच काही बोलत नसे. थोडा वेळ जमिनीकडे बघायचा.

आता माझ्या घरचं सांगतो.

माझी एकच मुलगी. लग्न होऊन न्यूझीलंडला गेली, ऑकलंडला. जाताना तिने आईला फोनवर नकाशा दाखवला होता, इथून तिथे एक वाकडी रेघ. बारा हजारांच्या वर किलोमीटर. बायकोने ती रेघ बोटाने पुसून बघितली. पुसली जाईना, तर म्हणाली, पुसत पण नाही मेली.

बायको एका सोमवारी सकाळी गेली. चहा ठेवला होता, गॅस तिनेच बंद केला आणि ओट्याला धरून खाली बसली. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा झालेलं होतं. डॉक्टर आला, त्याने कागद दिला. मी मुलीला फोन केला. तिने मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, बाबा, मी येतेय, आईला ठेवा. मला तिचा चेहरा बघायचाय. मी म्हटलं, ठेवतो.

एवढंच आमच्यात ठरलं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

बर्फवाल्याला कोणी कळवलं माहीत नाही. तो आला. चपला काढल्या, आत आला. यावेळी कोपर नाही लावलं. लादी गोणपाटात धरून तिच्या शेजारी ठेवली आणि वाकून अगदी हळू म्हणाला, "वहिनी, हा नवा हाय. आजून कुटं लावल्याला न्हाय."

मी तोवर रडलो नव्हतो.

दुपारनंतर मुलीचा निरोप आला. तिकीट मिळालं, मंगळवारी सकाळी निघते. मग तिने फोनच घेतला नाही. धावपळीत असेल.

मंगळवारी सकाळी माणसं जमली. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, परळहून आलेला. वाईट माणूस नाही. बहिणीसाठी त्याचाही जीव तुटत होता. पण त्याने बोटं मोजली. मंगळवारी सकाळी निघते म्हणजे आत्ता कुठे निघत असेल. दोन विमानं, मधलं थांबणं, सगळं मिळून वीसेक तास धरा. म्हणजे बुधवारी उजाडता येईल, घरी यायला आणखी. तोवर ताईला ठेवायचं? तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, ताईचा चेहरा बघा जरा. उद्यापर्यंत तो राहणार नाही. पोरीने काय बघायचं मग?"

आणि चेहरा खरंच बदलायला लागला होता. मी बघितलं होतं. बोललो नव्हतो.

सगळे त्याच्या बाजूचे. बारा वाजायच्या आत उचलू म्हणाले. बांबू आणायला माणूस निघाला होता. तेवढ्यात हा दुसऱ्या लाद्या घेऊन जिना चढला.

"फोन लाव," तो म्हणाला.

मेहुणा चिडला. म्हणाला, अहो, ती अजून घरातून निघत असेल, कशाला पोरीला त्रास? मी लावला. बंद.

तो जमिनीकडे बघत राहिला. बराच वेळ. मला ते केबिन रोडचं घर आठवलं, ती दारातली म्हातारी आठवली. त्यालाही तेच आठवत असणार. मग तो म्हणाला, "वरती हाय."

मेहुणा म्हणाला, काका, हिशोब बघा की. निघायची वेळ व्हायचीय तिची. बॅटरी गेली असेल फोनची.

"हिशोब मला न्हाय येत," तो म्हणाला. "पन ही वरती हाय. वहिनीची पोर हाय ही."

आता सांगा, हे काय उत्तर झालं? एकीकडे मोजलेले तास, दुसरीकडे एक बंद फोन. आणि हा माणूस एकदा चुकलेला. मी बायकोकडे बघितलं. मग म्हटलं, कोणी हात लावायचा नाही. ज्याला थांबायचं त्याने थांबा, ज्याला जायचं त्याने जा. दोघेतिघे गेले. मेहुणा नाही गेला. तोंड फिरवून गॅलरीत उभा राहिला.

अकराच्या आत फोन वाजला. मुलगी सिंगापूरला उतरली होती. मागे माणसांचा गलका, कुठलीतरी घोषणा. तिने एकच विचारलं, "बाबा, आईला ठेवलंय ना?"

ठेवलंय म्हटलं.

चूक अशी होती. त्यांच्याकडे दिवस आपल्या आधी उजाडतो. त्यांची मंगळवारची सकाळ म्हणजे आपली सोमवारची रात्र. मेहुण्याने पोरीचा वार आपल्या घड्याळावर मोजला. आम्ही सगळ्यांनीच. ती आदल्या रात्रीच निघाली होती, आणि आम्ही इकडे तिला अजून घरातच धरून बसलो होतो. बर्फवाल्यालाही हे घड्याळांचं काही माहीत नव्हतं. नंतर मी समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "असं कसं? सूर्य काय दोन हायेत?" शेवटपर्यंत त्याला ते पटलं नाही.

दिवेलागणीला मुलगी आली. तिने चेहरा बघितला. कसा होता ते मी लिहीत नाही. तिला ओळखता आला, बस. बर्फवाला जिन्यात बसला होता, गोणपाट गुंडाळून. ती आत गेल्याचं बघितलं आणि उतरून निघून गेला.

दिवस झाले, मुलगी परत गेली. तिची नोकरी, तिचं घर, तिची पोरं तिकडे. घरात मी एकटा. सुरुवातीला लोक येतात, मग येत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही. मी तरी कोणाकडे किती गेलो?

हा यायला लागला. रसाच्या गाड्यांना बर्फ टाकून झाला की खारीच्या नाक्यावर टेम्पो लावायचा आणि वर यायचा. खुर्चीवर बसायचा नाही, उंबऱ्यात बसायचा, कपडे ओले असायचे म्हणून. "जेवलास काय?" विचारायचा. जेवलो म्हटलं की म्हणायचा, काय जेवलास? थाप मारली तर त्याला कळायचं. दुसऱ्या दिवशी डब्यात त्याच्या भावजयीच्या हातचं बोंबलाचं कालवण यायचं. त्याची स्वतःची बायको कधीच गेली होती. भावाच्या घरात राहायचा.

आणि एक पोरगा. कॅनडात, टोरोंटोला.

मला हे दुसऱ्याच कोणाकडून कळलं. इतकी वर्षं सगळ्यांच्या पोरांची चौकशी करणारा माणूस, स्वतःच्या पोराबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं तर म्हणाला, हाय एक. थोड्या वेळाने म्हणाला, "तुजी पोर उगवतीला, माजा पोरगा मावळतीला. सारकंच लांब. आनि आपन दोगं मधी बसलोय, बर्फ घेऊन."

मी नंतर मुलीला विचारून बघितलं. खरंच जवळजवळ सारखंच अंतर भरतं. इकडेही बारा हजारांच्या वर, तिकडेही.

पोरगा तिकडे शिकायला म्हणून गेला आणि राहिला. लग्न केलं तिथेच, लहान मुलगी आहे. पण कागद अडकलेत. वकील झाले, अर्ज झाले. आत आहे तोवर आहे. बाहेर पाय टाकला तर परत आत घेणार नाहीत. बायको-पोर तिकडे, हा इकडे, असं होईल. बाप पोराला कितीतरी वर्षांत भेटला नव्हता. फोनवर बोलायचे, रविवारी चर्चहून आल्यावर. पोरगा म्हणायचा, डॅडी, कागद झाले की पहिलं विमान तुमचं. हा म्हणायचा, हो.

एकदा मी तोंडाला येईल ते बोलून गेलो. माझी सवयच ती. म्हटलं, सगळ्या गावाच्या पोरांसाठी थांबवतोस मयतं, तुझी वेळ आली तर टोरोंटोच्या किती लाद्या?

तो चहा पीत होता. ग्लास खाली ठेवला.

"त्याला लादी न्हाय," तो म्हणाला.

मला कळलं नाही. तो म्हणाला, पालीत कोणी गेलं की कोणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक होडीवाला दारात एक लादी आणून ठेवतो. भाऊ, वैरी, कोणी असो, लादी ठेवायचीच. पोर कितीही लांब असलं तरी गाव थांबतं, फादरही थांबतात. पोराला हे माहीत आहे. त्याने लहानपणी स्वतः लाद्या ओढल्यात लोकांच्या दारात. म्हणून बाप गेला कळलं की तो निघणारच. विचार करणार नाही. कागद, बायको, लहान पोर, काही बघणार नाही.

मग म्हणाला, "मिस्त्री, तू सांग त्याला. भावाला न्हाय जमायचं, तो रडंल. तू कडक हायेस. सांग, संध्याकाळी माती. बर्फ न्हाय मिळाला."

मी म्हटलं, वेडा आहेस का? तुझ्या गावात? बर्फ मिळाला नाही? तुझ्या पोराला हे सांगू? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवील का?

"न्हाय ठेवनार," तो म्हणाला. "मंग समजंल त्याला, मीच सांगितलंय म्हनून."

मी नाही म्हणालो. त्याने परत विचारलं नाही. जाताना उंबऱ्यावरचं पाणी पायाने पुसलं, रोजच्यासारखं. त्याचं ते ओलं पाऊल जिन्यात दोन मजले दिसायचं, मग वाळायचं.

पुढे काही महिन्यांनी त्याला खोकला लागला. छातीत थंडी बसलीय म्हणाला. मी चिडवलं, इतकी वर्षं बसली नाही ती आता बसली होय? टेम्पो पुतण्याकडे दिला. एक-दोनदा रिक्षाने माझ्याकडे आला, जिना चढताना मध्ये बसला. शेवटी आला तेव्हा वर चढलाच नाही. खालून हाक मारली. मी गॅलरीत आलो. तो रस्त्यावर उभा राहून वर बघत होता.

"जेवलास काय?"

जेवलो म्हटलं.

"काय जेवलास?"

त्यानंतर तो दिसला तो असा की त्यालाच काही दिसत नव्हतं.

सकाळी त्याच्या भावाचा फोन आला. मी बस धरून उत्तनला, तिथून पालीला गेलो. गल्ली अरुंद, स्कूटर वळायची नाही अशी. आणि त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी बर्फ. घराच्या पायरीपासून पार गल्लीच्या तोंडावरच्या क्रॉसपर्यंत. प्रत्येक होडीवाल्याने एक लादी ठेवली होती. याच्या हातून ज्यांनी वर्षानुवर्षं बर्फ घेतला त्या सगळ्यांनी. काहींनी तर दोन-दोन. ऊन चढत होतं आणि पाणी गल्लीतून समुद्राकडे वाहायला लागलं होतं. बायका लुगड्याचे काठ उचलून चालत होत्या.

आत तो झोपलेला. अंगात सूट घातला होता. मला तो दुसराच कोणी वाटला. मी उकिडवा बसलो आणि का कोणास ठाऊक, माझं कोपर त्याच्या कपाळाला लावलं.

भाऊ दारात उभा होता. रडून आवाज बसलेला. म्हणाला, पोराचा फोन येतोय, सारखा येतोय. फादर विचारतायत माती कधी ठेवायची. गाव म्हणतंय थांबू, कितीही दिवस थांबू. माझ्या तोंडातून निघत नाही मिस्त्री. आणि त्याने फोन माझ्या हातात दिला.

मी बाहेर आलो. गल्लीत उभा राहिलो. चपला पार भिजल्या.

पोराचा आवाज अगदी बापाचा. म्हणाला, "अंकल, मी तिकीट बघितलंय. उद्या रात्रीचं आहे. मधे एक स्टॉप. परवा नाही, तेरवा सकाळी पोचतो. तोपर्यंत थांबवतील ना?"

मी म्हटलं, नाही. संध्याकाळी माती आहे.

"का?"

माझ्या पायांशी एक लादी होती. वरचा भुसा वाहून गेला होता, आतून स्वच्छ दिसत होती, काचेसारखी.

"बर्फ नाही मिळाला," मी म्हटलं.

मी फोन कानाला लावून उभा. समोर एका पोरसवद्या होडीवाल्याने आणखी एक लादी आणून ठेवली आणि छातीवर क्रूस करून गेला.

मग पोराने विचारलं, "पालीत?"

"हो," मी म्हटलं. "पालीत."

त्याच्याकडे कुठेतरी एक लहान मूल काहीतरी मागत होतं, इंग्लिशमध्ये.

"बरं अंकल," तो म्हणाला.

संध्याकाळी माती दिली. गाव कुजबुजलं. पोरासाठी थांबले नाहीत म्हणून भावाला बोल लागला. त्याने ऐकून घेतला. मीही मूठभर माती टाकली. परत येताना गल्लीत लाद्या लहान-लहान झाल्या होत्या, उशाएवढ्या.

पण मला घरी येऊन चैन पडेना. बरं म्हणाला, पण बरं म्हणजे काय? बापाचं पोर ते. बर्फ असो नसो, निघाला तर? तिकीट तर बघून ठेवलेलं. विमानात बसला तर बापाचा शब्दही गेला आणि पोराचं घरही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. असं दिवसभर. ज्या रात्रीचं तिकीट होतं ती रात्र गेली, म्हणजे त्याची की माझी, ते मला आता नीट कळत नाही. मी आणखी थांबलो. त्याची रात्रही नक्की गेली असेल इतका वेळ थांबलो.

मग बायकोच्या फोटोखाली खुर्ची ओढली. बसलो. नंबर दाबला आणि फोन कानाला लावला. मध्ये थोडा वेळ नुसतीच शांतता होती, बारा हजार किलोमीटरची.

मग वाजला. वाजत राहिला.

त्याने उचलायच्या आत मी ठेवून दिला.